घरोघरची बादली

आपल्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीनिमित्त भोपाळ येथे वास्तव्य करून आहे. त्यांच्या तान्ह्या बालकाच्या स्नानसंस्कारासाठी त्या शहरी जाण्याचा योग मला आला. या कुटुंबाचे बिऱ्हाड महाराणा प्रताप नगराच्या लगत आहे. पूर्वीचे हबीबगंज, म्हणजे २०२१ पासूनचे राणी कमलापती हे रेल्वे स्थानक तेथून फारसे दूर नाही. हा भाग म्हणजे कचेऱ्या, बँका आणि दुकाने यांची अखंड वर्दळ. 'झोन एक' व 'झोन दोन' असे त्याचे दोन विभाग असून परीक्षांची तयारी करवून घेणारे शिकवणीवर्ग तेथे पुष्कळ आहेत. त्यामुळे गावोगावची मुले-मुली आसपास खोल्या घेऊन राहतात.

सकाळी मिस्साबली आटोपून परत येताना मी एका भांड्यांच्या दुकानापाशी क्षणभर थांबलो. एक खेडवळ गृहस्थ आपल्या मुलाला शहरात पोहोचवावयास आले होते. मुलाची पुस्तके अजून घ्यावयाची होती, गादीचाही पत्ता नव्हता. परंतु पहिली खरेदी चालली होती ती एका निळ्या बादलीची! बापाने ती उजेडाकडे धरून आतून न्याहाळली, बुडावर टिचकी मारली, कडी ओढून पाहिली आणि मग दुकानदाराला ती पाण्याने भरून दाखविण्यास सांगितले. ती गळत नाही अशी खात्री पटल्यावरच त्यांनी कनवटीचे पैसे काढले. मुलगा संकोचून इकडेतिकडे पाहत होता. बापाला मात्र ठाऊक होते की, परक्या गावी बिऱ्हाड मांडावयाचे तर प्रथम पाण्याची सोय हवी, आणि पाण्याची सोय म्हणजे बादली.

त्या दिवसापासून या क्षुल्लक वस्तूविषयी माझ्या मनात पुष्कळ विचार येऊन गेले. वाचकहो, त्यांपैकी काही आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

शब्दाचा प्रवास

दुकानदार 'बाल्टी' म्हणत होता आणि मी मनात 'बादली' म्हणत होतो. परंतु या दोन्ही शब्दांची जननी एकच. पोर्तुगीज भाषेत या भांड्याला 'बाल्द' म्हणतात. त्यावरून आपल्याकडे 'बालदी' हा शब्द रूढ झाला आणि पुढे अक्षरांची अदलाबदल होऊन त्याची 'बादली' झाली. गुजराती माणूस अजून 'बालदी'च म्हणतो, बंगाली 'बालति' म्हणतो आणि समुद्रापलीकडील सिंहली माणूस 'बाल्दिय' म्हणतो.

आपल्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोन शतकांहून अधिक काळ पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांचे राज्य गेले, किल्ल्याच्या भिंतींवर पिंपळ उगवले; परंतु त्यांचे शब्द आपल्या स्वयंपाकघरात आणि अंगणात सुखाने नांदत आहेत. गवंड्याचे घमेले, पाणी साठविण्याचे पिंप, कुलपाची चावी आणि महिनाअखेरीचा पगार, हे सारे शब्द त्याच गलबतांतून उतरले. अशा शब्दांचा मागोवा एका गोमंतकीय धर्मगुरूने घेतला आहे, हे आपल्या वाचकांना ऐकून आनंद वाटेल. १८५५ साली आसगाव येथे जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियातील सुमारे पन्नास भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ साली प्रसिद्ध केला. देवाची वेदी सांभाळून ज्यांनी शब्दांचीही अशी सेवा केली, त्यांचे स्मरण आपण ठेवावयास हवे.

याचा अर्थ पोर्तुगीज येण्यापूर्वी आपले पूर्वज पाणी शेंदत नव्हते असा मुळीच नाही. आडात सोडावयाचा पोहरा होता, डोक्यावर घ्यावयाची घागर होती, कमरेवरची कळशी होती, चुलीवरचा हंडा होता आणि दूध काढावयाची कासंडी होती. देशावर शेताला पाणी देणारी चामड्याची मोट होती. बैलजोडी धावेवरून खाली उतरू लागली की मोट विहिरीतून वर येई आणि तिच्या सोंडेतून पाणी भडाभडा थारोळ्यात पडून पाटाने मळ्यात जाई. आपल्या वसईच्या वाड्यांत रहाट होता. त्याच्या माळेवरील गाडगी एकामागून एक खाली जात, भरून वर येत आणि पन्हाळीत रिती होऊन पुन्हा खाली जात. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण याच पिढ्यांनी आपल्याला दिली.

साधी घडण, अनेक कामे

बादलीची घडण पाहा. बुडाशी ती अरुंद आणि तोंडाशी रुंद असते, म्हणून एकीत एक अशा वीस बादल्या दुकानदार एका कोपऱ्यात उभ्या करू शकतो. तिची कडी दोन कानांत सैल फिरते आणि कान असतात काठाशी. सारा भार कानांच्या खाली लोंबत राहिल्यामुळे उचलणारा कितीही डुलत चालला तरी भरलेली बादली आपला तोल सोडीत नाही. आपल्या आजोबांच्या काळी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची बादली घरोघरी असे. तिचे बूड गळू लागले म्हणजे डाख लावून ती आणखी दोन-चार वर्षे चाले. पुढे प्लास्टिक आले. बादली हलकी आणि स्वस्त झाली खरी. परंतु डाख लावून जपण्याची सवय मात्र त्याबरोबर गेली.

आणि तिची कामे तरी किती! पहाटे गोठ्यात आंबोण नेणारी बादलीच. सकाळी स्नानाचे पाणी, दुपारी धुण्याचे कपडे, सायंकाळी तुळशी-मोगऱ्याचे शिंपण. लग्नाच्या पंगतीत वाढपी रश्श्याने भरलेली बादली घेऊन फिरू लागला म्हणजे मुलांच्या माना त्याच्या दिशेने वळतात. आगीपासून बचावासाठी वाळूने भरून ठेवलेल्या लाल बादल्या आपण पाहिल्या असतीलच. त्यांतील काहींचे बूड मुद्दाम गोल केलेले असते. अशी बादली जमिनीवर उभी राहत नाही, म्हणून ती कोणी घरकामासाठी पळवीतही नाही. संकटकाळासाठी राखलेली वस्तू त्याच कामासाठी राहावी, एवढाच त्यातील हेतू. अग्निशामक दलाचे आश्रयदाते संत फ्लोरियन यांच्या चित्रांतही हातात बादली असते आणि ते जळत्या घरावर पाणी ओतीत असतात. हा रोमन अंमलदार इ. स. ३०४ मध्ये ख्रिस्तश्रद्धेपायी एन्स नदीत बुडविला गेला. पाण्यानेच ज्याचा प्राण घेतला, त्याच्या हाती लोकांनी पुढे इतरांना वाचविणारे पाणी दिले!

देवळातही बादलीला मान आहे. पवित्र पाणी शिंपडताना वेदीसेवक जे लहानसे कडीचे भांडे धर्मगुरूंच्या बाजूने धरून चालतो, त्याला लॅटिन भाषेत 'सितुला' म्हणतात. आणि सितुला म्हणजे बादलीच! मिलान येथील महामंदिराच्या भांडारात दहाव्या शतकातील हस्तिदंती सितुला जपून ठेवलेली आहे. तिच्यावर पवित्र मरिया व शुभवर्तमानकार कोरलेले आहेत. आपल्या देवळातील पितळी भांड्याचे काम आणि त्या हस्तिदंती भांड्याचे काम मात्र एकच.

या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. बादली भरते ती रिती होण्यासाठी. तिने आणलेल्या पाण्यातील एक थेंबही तिच्या स्वतःच्या उपयोगाचा नसतो.

विहिरीवरचा वाद

असे असूनही या परोपकारी भांड्यावरून माणसे भांडत आली आहेत. इटलीतील मोदेना आणि बोलोन्या ही दोन नगरे एकमेकांच्या शेजारची. दोन्ही ख्रिस्ती, परंतु एक सम्राटाच्या पक्षाचे आणि दुसरे पोपमहाशयांच्या पक्षाचे. १३२५ साली झाप्पोलीनो येथे त्यांची मोठी लढाई झाली. विहिरीवरील एक लाकडी बादली पळविल्यामुळे हे युद्ध पेटले असे लोक सांगतात. इतिहासकारांच्या मते वैर जुनेच होते आणि बादली विजयी मोदेनाकरांनी लढाईनंतर लूट म्हणून नेली. काही असो, ती बादली मोदेनाकरांनी आजतागायत जपली आहे. ज्यांच्यासाठी रडावे अशा मृतांची नावे विसरली गेली आणि बादली मात्र राहिली!

दूरच्या इटलीला हसण्यापूर्वी आपण आपल्या घराकडे पाहावे. महाड येथील चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले व्हावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह त्या तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले आणि त्या हक्कावर न्यायालयाची अखेरची मोहोर उमटण्यास १९३७ साल उजाडावे लागले. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. आपण ख्रिस्ती आहोत, सबब आपल्यात असे काही नव्हते, असे छातीवर हात ठेवून किती जणांना म्हणता येईल? वाडीत कामाला येणाऱ्या वारली बाईने आपली कळशी आपल्या विहिरीत स्वतः सोडलेली आपल्या घरात चालत होती काय? की 'थांब, मी ओतते' असे म्हणून आपण तिला दूर उभे केले? हा प्रश्न मी प्रथम स्वतःच्या घराला विचारला आणि उत्तर देताना माझी मान खाली गेली.

अशा वेळी संत योहान यांनी वर्णिलेली सुखार येथील विहीर आठवते. प्रभू येशू भर दुपारी थकून विहिरीपाशी बसला होता. ज्यांच्याशी यहुदी लोक व्यवहार करीत नसत अशा शमरोनी जातीतील एका स्त्रीजवळ त्याने पाणी मागितले. तिने विचारले, की विहीर खोल आहे आणि तुमच्यापाशी पाणी काढण्यास काहीच नाही, मग तुम्ही पाणी कोठून देणार? विचार करा, सर्व सृष्टीचा धनी, आणि त्याच्याजवळ साधा पोहरा नव्हता! तो एका तुच्छ मानलेल्या स्त्रीच्या भांड्यावर अवलंबून राहिला. तिच्या भांड्याला हात लागल्याने आपण विटाळू असे त्याच्या मनातही आले नाही. पुढे ती बाई आपली घागर तेथेच टाकून गावात धावली आणि साऱ्या गावाला त्याच्याकडे घेऊन आली.

स्वच्छ दिसणारे पाणी

आता पुन्हा भोपाळकडे वळू. हे शहर तलावांचे. राजा भोजाने अकराव्या शतकात बांधविला असे मानले जाणारे मोठे तळे आजही शहराच्या काही भागाची तहान भागविते. परंतु त्याच शहराच्या उत्तर भागात पाण्याची दुसरी कथा आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपेतच हजारो माणसे मृत्युमुखी पडली, हे आपण जाणतो. त्यामागून आलेले दुसरे संकट मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. कारखान्याच्या आवारात व बाहेर टाकलेली रासायनिक घाण वर्षानुवर्षे जमिनीत झिरपत राहिली आणि भोवतालच्या वस्त्यांतील हातपंपांचे पाणी दूषित झाले. वायूच्या रात्रीतून वाचलेल्या आयाबायांनी ते पाणी बादल्या भरभरून घरी नेले, त्यात भात शिजविला, मुलांना पाजले. या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला. आवारात साठवून ठेवलेली सुमारे ३३७ टन घाण तर जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनंतर, पीथमपूरला हलविली गेली.

बादली बिचारी निमूट वस्तू. तिच्यात अमृत ओता वा विष ओता, ती तितक्याच निष्ठेने ते घरी पोहोचविते. तिला पारख नाही. पारख माणसाने करावयाची असते. दुकानात बादली गळते की नाही हे त्या बापाने पाहिले, ते योग्यच केले. परंतु तिच्यात भरले जाणारे पाणी कोठून येते आणि त्या उगमाशी कोणी काय टाकले, हे पाहणे एकट्या बापाच्या हाती नसते. ते साऱ्या गावाचे कर्तव्य आहे.

आपल्या विहिरी

हे भोपाळचे झाले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणू नये. आपल्या वसईत जुन्या लोकांनी गावोगावी बावखले राखली होती. पावसाळ्यात ती तुडुंब भरत, त्यांतून वाड्यांना पाणी मिळे आणि जमिनीत मुरलेले पाणी आसपासच्या विहिरींना गोडवा देई. कालांतराने पुष्कळ बावखले बुजविली गेली. काहींवर घरे उठली, तर काहींत केरकचरा पडला. विजेचे पंप आले, पाण्याचे टँकर भरभरून जाऊ लागले आणि समुद्राकाठच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. हे संकट ओळखून १९८० नंतरच्या दशकात हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोक रस्त्यावर आले. त्या चळवळीचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभुचरणी विलीन झाले. धर्मगुरूने विहिरींची चिंता का वाहावी, असे तेव्हा काहींनी विचारले होते. ज्याने विहिरीच्या काठावर बसून एका स्त्रीला तारणाचा मार्ग दाखविला, त्याच्या सेवकाने ती न वाहावी तर कोणी?

येथे एक घडलेली गोष्ट सांगतो. एका वाडीत दोन सख्खे भाऊ राहत. वाटणीत घर वेगळे झाले, विहीर मात्र सामाईक राहिली. थोरल्याने पंप बसविला. धाकट्याकडे पोहरा आणि दोर. मे महिन्यात विहिरीचे पाणी गुडघ्याएवढे झाले. थोरल्याचा पंप पहाटेच चालू होई आणि धाकट्याची बायको पोहरा सोडी तेव्हा तळाचा गाळ वर येई. त्यावरून शब्दाला शब्द लागून दोन्ही घरांचे बोलणे बंद पडले. मी दोनदा समजावून पाहिले. परंतु माझे प्रवचन कोणाच्याही कानांत उतरले नाही. मग एके सकाळी थोरल्याकडे राहणारी त्यांची वृद्ध आई न्हाणीतली स्वतःसाठी काढलेली भरलेली बादली दोन्ही हातांनी ओढीत, थांबत थांबत अंगण ओलांडून धाकट्याच्या पायरीवर ठेवून आली. एवढेच म्हणाली, "माझी आंघोळ आज राहू दे. पोरांना आधी पाणी लागते." निम्मे पाणी वाटेत सांडले होते. थोरला ओटीवरून पाहत होता. त्या दिवसापासून सकाळी आठ वाजेपर्यंत पंप बंद राहू लागला. दोघा भावांचे मन अजून पूर्ण निवळले आहे असे मी म्हणणार नाही. परंतु पोहऱ्यात आता गाळ येत नाही, आणि सुरुवात म्हणून तेवढे पुष्कळ आहे.

पाण्याचे ओझे कोण वाहते याचाही हिशेब आपण कधी केला आहे काय? एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. पंधरा लिटरच्या दोन बादल्या म्हणजे तीस किलो. विहिरीपासून घरापर्यंत दहा खेपा झाल्या, तर गृहिणीने ३०० किलो वाहिले, म्हणजे पन्नास किलोची भाताची सहा पोती! आणि नळाची गोष्ट. दर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसात ८६,४०० थेंब सांडतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी रोजचे चार लिटरांहून अधिक पाणी आणि वर्षाकाठी पंधरा लिटरच्या शंभरावर बादल्या होतात. दोन-चार रुपयांच्या वायसरच्या आळसापायी कोणा माऊलीच्या शंभर खेपा आपण गटारात ओततो.

म्हणून माझी आपल्या कुटुंबांना विनंती आहे. गळका नळ याच आठवड्यात दुरुस्त करावा. गावातील जी बावखले अद्याप शिल्लक आहेत ती वाचविण्यासाठी एकत्र यावे आणि त्यांत केरकचरा टाकू नये. सामाईक विहिरीवर पंपाआधी पोहऱ्याला वेळ द्यावा. आणि दारी आलेल्या तहानेल्या माणसाची जात, धर्म वा भाषा न विचारता त्याच्या हाती भांडे द्यावे. दूर उभे करून ओंजळीत पाणी ओतू नये.

भोपाळला ज्या बालकाचा स्नानसंस्कार झाला, त्याच्या मस्तकावर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तीन वेळा पाणी ओतले. ते पाणी तेथल्या देवळातील सेवकाने सकाळीच एका साध्या बादलीतून आणून ठेवले होते. संस्कार आटोपल्यावर मी त्याला विचारले, की आज पाणी वेळेवर आले होते काय? तो म्हणाला, "नळाला नाही आले, फादर. शेजारच्या मुसलमान कुटुंबाने दिले."

त्या बालकाला मोठेपणी हे कोणीतरी सांगावे, म्हणून मी ते त्याच्या वडिलांना लिहून ठेवण्यास सांगितले आहे.